पत्रपेटी: रडकी यमू, कारल्याचा वेल आणि "एविनी गा तेविनी गा"

भाद्रपद संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी कुठल्या पुस्तकाचा लेखक कोण, कुठलं गाणं कुठल्या सिनेमातलं असलं काहीबाही विचारतात लोक, पण घट बसायची वेळ आली की सगळ्यांना एकदम भोंडला आठवतो, म्हणजे भोंडला आठवतो आणि गाणी आठवत नाहीत. यंदा डोंबिवलीहून एक लांबलचक पत्र आलंय, त्यात गाणी पण आहेत आणि एका जुन्या कादंबरीवरचा संताप पण आहे, ते जवळजवळ जसंच्या तसं देतेय. त्यामुळे बाकीच्यांची उत्तरं आटोपशीर झालीत, रागावू नका.

प्रश्न (चौघी मैत्रिणी, डोंबिवली):

ताई, आम्ही चौघी शाळेपासूनच्या. मुलं मोठी झाली, आता जरा वेळ मिळतो म्हणून ठरवलं की शाळेत ज्या पुस्तकांची नुसती नावं पाठ केली ती एकेक करून वाचायची आणि कुणाच्या तरी घरी जमून त्यावर गप्पा मारायच्या. सुरुवात ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' ने केली आणि तिथेच गाडी अडकली. एकीने सुरुवातीलाच सोडलं, ती म्हणते अगं ही यमू काही सांगायला लागली की आधी आजीचं सांगते मग दादाचं मग परत आपलंच, मी भाजी निवडत वाचत होते तर भाजी निवडून झाली पण तो प्रसंग काही संपला नाही. दुसरीजवळ तिच्या सासऱ्यांची जुनी प्रत होती, त्यात जिथे तिथे अनुस्वार, कांहीं, नाहीं, घरांत, तेव्हां, तिचं डोकंच दुखायला लागलं. तिसरी म्हणाली मला रडू येतं पण त्याहून राग जास्त येतो, ही बाई एकदा तरी उलटून का बोलत नाही? चौथी मी. मी नुसतं म्हटलं की मला आवडतंय, तर तिघी माझ्यावरच तुटून पडल्या.

आणि मग सासू, सासरे, परवानगी, माहेर असं बोलता बोलता एकीने मध्येच "कारल्याचा वेल लाव गं सुने" सुरू केलं. झालं! पुस्तक राहिलं बाजूला आणि आम्ही अंधार पडेपर्यंत भोंडल्याची गाणी आठवत बसलो. पण एक गाणं पुरं येईल तर शपथ. "माहेरा माहेरा" सगळ्या जोरात म्हणतो आणि पुढची ओळ आली की एकमेकींच्या तोंडाकडे बघतो. ऐलमा पैलमा तर "पारवं घुमतं बुरुजावरी" च्या पुढे सगळ्या नुसत्या पुटपुटतो. तर आता सांगा, पुस्तक सोडलं तर चालेल का, ते एवढं रेंगाळतं का, आणि या गाण्यांचे खरे शब्द कुठे मिळतील?

उत्तर:

अहो, तुम्हाला वाटतंय की तुम्ही विषय सोडून गाण्यांकडे भरकटलात, पण माझ्या मते तुम्ही पुस्तकातच होतात. ते कसं ते सांगतेच, आधी रेंगाळण्याचं बघू.

ही कादंबरी पुस्तक म्हणून लिहिलेलीच नाही मुळात. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं आणि १८९० ते १८९३ या काळात त्यात ती हप्त्याहप्त्याने आली. म्हणजे वाचणाऱ्याच्या हातात एका वेळी थोडीशीच पानं, मग पुढच्या अंकाची वाट बघा, तोवर मागचं निम्मं विसरायला होणार, म्हणून यमूला मागचं परत सांगावं लागतं, मध्येच थांबून "हे आधी सांगायला हवं होतं" छाप वळण घ्यावं लागतं. आज रोजच्या मालिका बघणाऱ्या माणसाला खरं तर हे कळायला अवघड जाऊ नये. तुम्ही मात्र तीन वर्षं पुरवून वाचायचा माल पंधरवड्यात संपवायला बसलात, मग पोट गच्च होणारच. माझं ऐका, एका बैठकीला एकच प्रकरण, आणि ते मनात नाही, मोठ्याने, चौघींनी आळीपाळीने. जिला कंटाळा आलाय तिलाच आधी वाचायला द्या.

अनुस्वारांचा त्रास खरा आहे पण त्यावर एक सोपी युक्ती आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि उच्चार न होणारे अनुस्वार गेले, त्याआधीच्या बहुतेक प्रतींत ते टिंब असणारच. आता असं करा, "काम केलें", "मग काय झालें", "घर आलें" असं दिसलं की ते बेधडक केलं, झालं, आलं असं वाचा. बघा कशी एकदम आपल्यासारखी बोलायला लागते ती! फक्त यमू स्वतःबद्दल "मी गेलें" म्हणते तिथे मी गेले असंच वाचायचं. बाकी कांहीं नाहीं वरची टिंबं सरळ दुर्लक्षित करा. आणि तरी जमत नसेल तर नवीन आवृत्ती घ्या ना, हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, पुस्तकाचे हक्क केव्हाच मोकळे झालेत, हल्लीच्या लेखनपद्धतीत छापलेली प्रत मिळते, सासऱ्यांची प्रत कपाटात शोभेला ठेवा.

आता तिसऱ्या मैत्रिणीचा राग. तो मला सगळ्यात आवडला, कारण लेखकाला तोच हवा होता असं मला वाटतं. तेव्हाचा काळ जरा डोळ्यांसमोर आणा. १८८८ मध्ये आगरकरांचं 'सुधारक' हे पत्र सुरू झालं, १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, तो काय तर मुलीशी, लग्नातसुद्धा, शरीरसंबंध ठेवण्याच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षं, आणि एवढ्यावरून सगळ्या महाराष्ट्रात रणकंदन. हे सगळं वर्तमानपत्रांत धडाधड चालू असताना त्याच दिवसांत करमणुकीतून यमू आपल्या घरातलं हळूहळू सांगत होती. आणि लिहिणारा कोण, तर जेमतेम सव्वीस वर्षांचा पुण्याचा पुरुष, पहिल्यापासून शेवटपर्यंत बाईच्या तोंडून "मी" म्हणून लिहितोय. ती उलटून बोलत नाही म्हणता, पण एवढी शेकडो पानं ती करतेय काय? तोंडावर बोलता येत नाही म्हणून कागदावर बोलतेय. पुढे शंकरमामंजी नावाचे एक सद्गृहस्थ भेटतील, गंधबिंध लावलेले, त्यांचं वागणं वाचताना तुम्ही पुस्तक भिंतीवर फेकणार हे मी आत्ताच लिहून देते. आणि मधे मुंबईचं बिऱ्हाड येतं, नवरा बायकोला वाचायला शिकवतो, चार माणसं मोकळेपणाने बसून बोलतात, तो भाग इतका छान उजेडाचा आहे की तिथे पोचेपर्यंत तरी सोडू नका. त्याच्या पुढे काय होतं ते मी सांगणार नाही.

तर गाण्यांकडे. कारल्याचा वेल हे गाणं नीट बघा. सुनेला माहेरी जायचंय. सासू नाही म्हणतच नाही! ती म्हणते बी पेर मग जा. पेरली, तर म्हणते कोंब येऊ दे मग जा. मग वेल चढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, जेवून घे, उष्टी काढ. एकही नकार नाही आणि दिवस तर सगळे गेले. यमूच्या गोष्टीत हेच तर होतं, कुणी दार लावून घेत नाही, नुसतं "आत्ता नको, मग बघू" चालू राहतं, आणि वाचणारा वैतागतो की ही गोष्ट पुढे का सरकत नाही. सरकत नाही कारण त्या घरात कुणी तिला सरकू देत नाही. त्या संध्याकाळी तुमच्यातल्या एकीला नेमकं हेच गाणं सुचलं त्याअर्थी पुस्तक तिच्यापर्यंत पोचलंय, ती काहीही म्हणो.

आणि तुम्हाला गाणी अर्धीच का येतात माहितीये? कारण तुमच्यातली कुणीच पुढे म्हणणारी नव्हती. भोंडल्याच्या फेरात एखादी आजी किंवा थोरली ताई आघाडीला असायची, कडवं ती उचलायची आणि बाकीच्या शेवटचा शब्द झेलायच्या, "माहेरा माहेरा", "सुरेख बाई", "वेडं माझ्या नशिबी आलं". पोरीबाळींना तेवढंच पुरायचं, डोळा खिरापतीवर असायचा. मग मोठेपणी फक्त झेललेले शब्द शिल्लक राहिले आणि उचलणाऱ्या गेल्या. स्मरणशक्तीला दोष देऊ नका, तुमच्या वाट्याला जेवढं आलं तेवढं तुम्हाला पक्कं पाठ आहे.

कारल्याच्या गाण्याला तर पाठांतर लागतही नाही. बी, कोंब, वेल, फूल, कारलं, भाजी, उष्टी, एवढा क्रम लक्षात ठेवा, दर वेळी आधी सासूचं "मग जा आपल्या माहेरा माहेरा" आणि नंतर सुनेचं "आता तरी जाऊ द्या माहेरा माहेरा". शेवट "आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा माहेरा". काही घरांत शेवटाच्या आधी सासरा, दीर, नवरा अशी परवानगीची फेरी पण असते, अंगात दम असेल तर तीही घ्या.

ऐलमा पैलमा अवघड आहे कबूल. पारव्यानंतर "गुंजावाणी डोळ्यांच्या सारविल्या टीका, आमच्या गावच्या भुलोजी बायका", मग ते सुप्रसिद्ध "एविनी गा तेविनी गा, कांडा तिळूबाई तांदूळ घ्या", पुढे "आमच्या आया तुमच्या आया, खातील काय दुधोंडे, दुधोंड्याची लागली टाळी, आयुष्य दे रे वनमाळी, माळी गेला शेताभाता, पाऊस पडला येताजाता". यात तुमच्याकडे दोन शब्द वेगळे असतील तर तुमचेच ठेवा. खरे शब्द असा काही प्रकार नाही हो इथे, एका कवीने एका दिवशी बसून लिहिलेलं गाणं नाही हे, गावोगाव तोंडातोंडी फिरलंय. छापील हवं असेल तर सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीसाठी काढलेले खंड मोठ्या ग्रंथालयात मिळतात, साने गुरुजींचं 'स्त्री जीवन' आहे त्यात ओव्यांचा खजिना आहे. पण त्याआधी तुमच्या ओळखीतल्या ऐंशीच्या पुढच्या एखाद्या आजींकडे जा आणि गाणं "सांगा" म्हणू नका, टाळ्या वाजवत चुकीचं म्हणायला सुरुवात करा. त्या चूक सुधारतील, गाणं आपोआप बाहेर येईल. फोनवर रेकॉर्डिंग आधीच चालू ठेवा.

आणि हो, एवढं करूनही यमू नाहीच झेपली तर सोडा, काही पाप लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या, तीही जुन्याच काळातली बाई, तीही सोसतेच, पण बोलते अशी की तुमची भाजी निवडायची राहील.

प्रश्न (एक वाचक, नाशिक):

'श्रीकांता कमलकांता' या गाण्यात शेवटी वेडा बायकोला जाळून टाकतो असं मला लहानपणचं आठवतंय. आई म्हणते असलं काही नव्हतंच, तू काहीतरी भलतं ऐकलंस. कोण बरोबर?

उत्तर:

तुम्ही. आईंना सांगू नका मी म्हटलं म्हणून. गाणं सुरू होतं हसतखेळत, वेड्याच्या बायकोने लाडू केले तर वेडा चेंडू चेंडू म्हणून खेळायला घेतो, करंज्या केल्या तर होडी होडी म्हणून पाण्यात सोडतो, असं करत करत शेवटच्या कडव्यात ती पलंगावर झोपलेली असते, तो डोकावून बघतो आणि मेली मेली म्हणून जाळून टाकतो. आणि फेर धरलेल्या पोरी त्याच चालीत, त्याच ठेक्यात हे म्हणून मोकळ्या होतात आणि खिरापत ओळखायला पळतात!

बऱ्याच घरांत हे कडवं मुलींसमोर गाळायचे, त्यामुळे आईंच्या घरी नसेलही. हल्ली तर लाडू करंज्यांवरच थांबतात किंवा नवीन पदार्थ घालतात, श्रीखंड केलं तर क्रीम म्हणून तोंडाला फासलं वगैरे, त्यात पण मजा आहे. मला विचाराल तर ते कडवं ठेवावं. "अस्सं कसं वेडं माझ्या नशिबी आलं" ही ओळ त्या शेवटाशिवाय नुसता विनोद होऊन बसते, आणि तो विनोद नव्हता, न बघता लग्न करून दिलेल्या मुलीची धास्ती होती ती. दहा वर्षांच्या मुलीला हे कळत नाही असं आपल्याला उगाच वाटतं.

प्रश्न (ज्येष्ठ वाचक, पुणे):

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की जुनं पुस्तक कंटाळवाणं वाटलं तर बाजूला ठेवावं. आजच्या पिढीला धीर नाही हे सत्य आहे. आमच्या वेळी जुनी पुस्तकं आम्ही भक्तिभावाने वाचत होतो. जुनं ते सोनं हे आपण विसरलात काय?

उत्तर:

काका, नमस्कार. विसरले नाही, पण सोनाराकडे नेल्याशिवाय सोनं म्हणत नाहीत ना. जुन्यांतही उजवंडावं आहेच. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्याचं नाव घेतात ते बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, विधवांचे हाल डोळ्यांनी बघून लिहिलेलं, धर्मप्रचाराचा भाग सोडला तर आजही अस्वस्थ करतं. मग १८६१ मध्ये हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि तिच्या मागून तशाच अद्भुत गोष्टींची रीघ लागली, नायिका संकटात, नायक परागंदा, योगायोगावर योगायोग, शेवटी सगळे एका ठिकाणी भेटतात. त्यातलं किती आपण भक्तिभावाने वाचू शकतो, मनापासून सांगा. १८७१ ची गुंजीकरांची 'मोचनगड' आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी, तिचा मान मोठाच, पण ती हरिभाऊंच्या 'उषःकाल' सारखी कुणी रात्र जागून वाचताना मी तरी पाहिलं नाही.

आणि धीराचं म्हणाल तर खुद्द हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्यात. लिहिणाऱ्याने सोडली ते चालतं तर वाचणाऱ्याने सोडली तर एवढं काय? तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला पटली, ती तुम्ही ताज्या कलमात लिहिलीत, की पूर्वी घरात एकच पुस्तक असायचं म्हणून ते पुरं व्हायचं. हे खरंय. भक्तीपेक्षा टंचाईने आपल्याला जास्त वाचायला लावलं.

प्रश्न (वाचक, जळगाव):

आमच्याकडे भोंडला नसतो, भुलाबाई असते. पुण्यामुंबईच्या मासिकांत सगळीकडे भोंडलाच का? आणि यातलं मूळ कुठलं?

उत्तर:

तक्रार अगदी रास्त आहे. खान्देशात आणि विदर्भात भुलाबाई, ती भाद्रपद पौर्णिमेला येते आणि कोजागरीला जाते, म्हणजे चांगला महिनाभर मुक्काम. भुलोजी म्हणजे शंकर आणि भुलाबाई म्हणजे पार्वती, माहेरी आलेली लेक. इकडे पुण्याकडे नवरात्रात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर, आणि हादगा म्हणतात तिथे सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सोळा दिवस, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत नेतात.

मूळ कुठलं या भांडणात मी पडणार नाही, पण वर ऐलमा पैलमात आलेली ओळ परत वाचा, "आमच्या गावच्या भुलोजी बायका". पुण्याच्या भोंडल्यात तुमचे भुलोजी येऊन बसलेत आणि कुणाला पत्ता नाही! "नंदा भावजया दोघी जणी, घरात नव्हतं तिसरं कोणी, शिंक्यावरचं लोणी खाल्लं कोणी" हे तर दोन्हीकडे म्हणतात, आणि आळ दोन्हीकडे वहिनीवरच येतो. तुमच्याकडची गाणी लिहून पाठवा, पुढच्या अंकात अर्धं पान तुमचं.

प्रश्न (एक आई, टोरांटो):

आमच्या मंडळात दर वर्षी शाळेचा हॉल घेऊन शनिवारी भोंडला करतो. सगळ्या जणी हातात प्रिंटआउट घेऊन गातात, त्यामुळे फेर धरता येत नाही, आणि माझी मुलगी विचारते की ही सून एवढी घाबरते का? काय सांगू? प्रिंटआउट बंद करावेत का?

उत्तर:

बंद करा, हो. कागद दोघींच्याच हातात द्या, एक हत्तीच्या बाजूला उभी राहून कडवं म्हणेल, दुसरी तिला चुकली की आठवण करून देईल, बाकीच्यांनी हात धरायचे आणि शेवटचे शब्द उचलायचे. ही गाणी तशीच म्हणायची असतात त्यामुळे मुलींना मराठी जेमतेम येत असलं तरी चालतं, चार फेऱ्यांत येतं. तिकडे ऑक्टोबरच्या थंडीत हॉल हवाच, बाहेर कसले करताय, आणि शनिवार पण चालतो, हत्ती काही तिथी विचारत नाही.

मुलीला खरं ते सांगा. की ती सून तेव्हा जवळजवळ तिच्याच वयाची असायची, आईपासून लांब, आणि माहेरी जायला सात जणांची परवानगी लागायची. म्हणून मैत्रिणी भेटल्या की गाण्यातून सासूची टिंगल करून घ्यायच्या, तेवढीच मोकळीक. बघा ती कशी ठसक्यात म्हणते मग.

प्रश्न (वाचक, कोल्हापूर):

माझी आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची. मला त्यातल्या दोन-तीन पहिल्या ओळी आठवतात पण पुढचं नाही. गाण्यांच्या संकेतस्थळांवर शोधलं, सिनेमाचीच गाणी येतात. कुठे शोधू?

उत्तर:

चुकीच्या दुकानात गेलात. भावगीतं, नाट्यपदं, सिनेमाची गाणी यांच्यासाठी 'आठवणीतली गाणी' उत्तम आहे, ओळ टाकली की कवी संगीतकारासकट मिळतं, पण ओव्यांना कवीच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात बघायला मिळतात, कितीतरी प्रत्यक्ष आवाजात ऐकायला पण. त्यात विषयावरून शोधा, ओळीवरून नको. आत्या भावावर म्हणायच्या, विठ्ठलावर, लेकीवर की पावसावर, ते आधी आठवा. तुमची ओळ जशीच्या तशी मिळेल असं नाही, पहिली ओळ तीच आणि दुसरी भलतीच असं होतं, कारण दळता दळता बाई पहिली ओळ चालत आलेली घ्यायची आणि दुसरी बऱ्याचदा स्वतःची जोडायची. दुसरी ओळ आत्यांची असेल तर ती फक्त तुमच्या घरातच मिळणार, चुलतभावंडांना फोन लावा.

प्रश्न (वाचक, सोलापूर):

बाबांशी पैज लागलीय. गीतरामायण रेडिओवर वर्षभर दर आठवड्याला एक असं चाललं, मग गाणी ५२ हवीत. बाबा म्हणतात ५६. जेवणाची पैज आहे, लवकर सांगा.

उत्तर:

बाबांना जेवायला न्या. ५६ च. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत चाललं, त्या वर्षात अधिक महिना आला म्हणून वर्ष लांबलं. गदिमांना चार गाणी जास्त लिहावी लागली, आपला फायदा.

प्रश्न (एक मावशी, ठाणे):

भाची पैज मारून सांगते 'नाच रे मोरा' वसंत देसाईंचं. मला वाटतं पुलंचं.

उत्तर:

पुलंचंच. सिनेमा 'देवबाप्पा', १९५३, शब्द गदिमांचे, आवाज आशाताईंचा. या महिन्यात सगळे पैजाच लावत सुटलेत काय?

प्रश्न (नवी सून, सातारा):

सासरी माझा पहिलाच हादगा, खिरापत मी करायचीय. कुणालाच ओळखता येणार नाही असं काय करू?

उत्तर:

बायका डबा हलवून आवाजावरून ओळखतात, लाडू गडगडतात, चिवडा खुळखुळतो, शंकरपाळे वाजतात. म्हणून आवाज न करणारं काहीतरी करा आणि डबा गच्च भरा, हलायला जागाच ठेवू नका. वासाचं नको, केळं वेलदोडा लांबूनच कळतो. साधे दडपे पोहे करून बघा, खिरापतीला पोह्यांचा कुणाला संशय येत नाही, सगळ्या गोडाचीच नावं घेत बसतात. आणि सासूबाईंना आधी सांगू नका, त्या पण फेरात असणार.